मैसी विचारते

मैसी इस्बिस्टरला वास येत नाही
गेल्या मार्चपासून.
ताप आला, गेला, आणि जाताना
नाकातलं सगळं सामान उचलून घेऊन गेला.
गोड कळतं, कडू कळतं,
आंबट झालं तर डावी भुवई वर जाते.
पण कशासारखं कडू, ते नाही.
"घराचा नंबर दिसतो," ती म्हणते,
"दारावरची पाटी दिसत नाही."

तरी दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही स्टाउट लावतो,
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यामागे,
पूर्वी जिथे हेरिंग खारवायचे त्या शेडमध्ये.
बार्ली, भाजलेली बार्ली, आणि ओट.
ओट जरा सढळ, तिच्या आईच्या हाताचं माप.
ओटनं सगळं चिकट होतं, गाळणीत रुसून बसतं,
मी लाकडी वल्हं घेऊन ढवळतो
आणि तोंडात येतील त्या शिव्या घालतो.
मैसी ऐकत नाही.
ती आकडे लिहीत असते.

पहिलं पिंप ती विकत नाही.
जानेवारीत साडेतीनलाच अंधार पडतो,
माणसं ओले कोट अंगावरच ठेवून बाकांवर बसतात,
आणि मैसी वही उघडून
एकेकाला विचारते: सांग.

थॉर्फिन फ्लेट, फेरीचे दोर बांधणारा,
ग्लास दिव्यासमोर धरतो:
"काळी नाही ही. कडेला लाल आहे.
घोड्याच्या कानातून ऊन दिसतं ना, तशी."
मैसी लिहिते.

"कॉफी," म्हणतो पाद्री.
कॉफी सगळेच म्हणतात. मैसी लिहीत नाही.

नेटा लिंकलेटर शाळेच्या मुदपाकखान्यात असते.
ती घोट तोंडात फिरवते, डोळे मिटते:
"पेज. पण वरची नाही,
पातेल्याच्या बुडाला लागलेली.
खरवड.
पोरं भांडतात तिच्यासाठी."

आणि सँडी हार्कस, ऐंशीच्या पुढचा,
फेस मिशीवर तसाच ठेवून:
"मी झालो तेव्हा डॉक्टरनं आईला
रोज अर्धी बाटली सांगितली होती, अंगावर दूध यावं म्हणून.
म्हणजे मी हिच्यावरच वाढलो की.
मला काय विचारतेस?"
सगळे हसतात. मैसी लिहिते: *दूध*.

या वेळचं पिंप मात्र वेगळं होतं.
खरपूस आणि करपट
यांच्यात एक मिनिट असतं फार तर,
आणि त्या मिनिटाला भट्टीच्या ड्रमपाशी मी होतो,
हातात फोन, बहिणीचा मेसेज, तिच्या नव्या कुत्र्याचा फोटो.

"छान आहे," थॉर्फिन म्हणाला, ग्लासात बघत.
"छान," नेटा.
सँडीनं मिशी पुसली.
इतका लवकर तो कधीच पुसत नाही.
मैसीची पेन्सिल वर उचललेलीच राहिली.
मग ती माझ्याकडे वळली.

मी पुन्हा एक घोट घेतला, वेळ काढायला.
आधी गोडवा, मग ते मऊ, दाट काहीतरी
जिभेवर शाल पसरल्यासारखं,
आणि मग, गिळून झाल्यावर,
घशाच्या मागे राख.
विझवलेल्या शेकोटीवर पाऊस पडून गेल्यावरची.

"करपलंय," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

कुणी बोललं नाही.
बाहेर फेरीचा भोंगा वाजला
आणि थॉर्फिनला उठायला बरं निमित्त मिळालं.
मैसीनं लिहिलं, शब्दाखाली रेघ मारली,
मग स्वतःचा ग्लास दोन्ही हातांत धरून
सावकाश प्याली. घोटभर तोंडात ठेवली,
पाद्र्याला नसेल इतकी श्रद्धा लावून.

"मऊ आहे पण," ती म्हणाली.
"हो. मऊ आहे."
"ते मला कळतं."

मग वही मिटली.
"उद्या ड्रम घासून ठेव," म्हणाली,
"आणि फोन घरी ठेवून ये."